कागद तोच, बोटं तीच

"तुमच्या ट्रॅकमध्ये चूक आहे," बोडससाहेब म्हणाले.

मी खुर्ची फिरवली नाही. माझ्या ट्रॅकमध्ये चूक आहे असं म्हणणारा माणूस सांगली-मिरजेत अजून जन्माला यायचा होता, आणि तो बोडससाहेबांच्या रूपाने येईल अशी तर मला शंकाही नव्हती.

"कुठे?" मी विचारलं.

"हे काय." त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि माझ्या संगणकाच्या पडद्यावर बोट टेकवलं. तिथे तेलकट ठसा उमटला. "इथे बी फ्लॅट लिहिलंय. आणि मला जो कागद दिलाय त्यावर काय आहे? जी! ट्रॅक एका पट्टीत, कागद दुसऱ्या पट्टीत. एवढं साधं तपासता येत नाही? आमच्या खात्यात असा नकाशा आला असता तर मी तो तोंडावर फेकला असता."

खातं पाटबंधाऱ्याचं. साहेब तिथून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झाले होते. त्यांच्या कालव्यांतून पाणी वाहिलं की नाही मला ठाऊक नाही, पण ते चढाच्या दिशेने वाहावं असा हुकूम त्यांनी नक्की काढला असणार.

मी त्यांना पुन्हा समजावलं. असं किती वेळा समजावलं ते मोजणं मी केव्हाच सोडून दिलं होतं.

"साहेब, सॅक्सोफोन हे सरळ बोलणारं वाद्य नाही. तुमच्या ऑल्टोवर, म्हणजे या छोट्या सॅक्सोफोनवर, तुम्ही जी म्हणून बोटं धरता, तेव्हा ऐकू येतो तो बी फ्लॅट. आपल्या पेटीवरची काळी पाच. म्हणून ट्रॅकमध्ये बी फ्लॅटच्या कॉर्ड वाजवायच्या, आणि तुमच्या कागदावर त्याच कॉर्ड जीच्या करून लिहायच्या. लिहिलंय वेगळं, पण वाजणार एकच."

"म्हणजे कागद खोटा."

"कागद तुमच्यापुरता खरा."

"खरं एकच असतं, लोंढे," साहेब म्हणाले आणि वळून कोचावर बसलेल्या आपल्या बायकोकडे पाहिलं. कुमुदवहिनी डबीतून ज्येष्ठमधाचा तुकडा काढून तोंडात टाकत होत्या. साहेबांना उत्तर नकोच होतं, फक्त श्रोता हवा होता.

ही बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. तेव्हा आमच्या गावातल्या निवृत्त माणसांना सॅक्सोफोनची लागण झाली होती. बँकवाले, वकील, प्राध्यापक, दातांचे डॉक्टर, सगळ्यांनी एकेक भोंगा विकत घेतला होता आणि सगळ्यांचं मिळून एक सॅक्सोफोन मंडळ होतं. बोडससाहेब त्याचे अध्यक्ष, कारण भोंगा सर्वांत आधी त्यांनी घेतला. मागे वाद्यमेळ हवा तर वादक बोलवावे लागतात, आणि वादक म्हटले की ते तोंडावर चुका दाखवतात. ट्रॅक म्हणजे संगणकावर आधीच तयार केलेली साथ, ती काही बोलत नाही. म्हणून सगळे ट्रॅक करून घ्यायला माझ्याकडे यायचे. मी चर्चमध्ये ऑर्गन वाजवत मोठा झालेला माणूस. वडिलांनी पट्टीने बोटांवर मारून नोटेशन शिकवलं. त्या नोटेशनच्या जोरावर मी या लोकांच्या फुंकरीखाली अंथरायच्या सतरंज्या विणत होतो.

इतक्या वर्षांत बोडससाहेबांना एकच पट्टी येत होती, ती म्हणजे जी. गाणं कुणी कुठल्याही पट्टीत बांधलेलं असो, साहेबांकडे आलं की त्याचा जी व्हायचा. म्हणजे ऐकणाऱ्यांच्या नशिबी काळी पाच. दुसऱ्या वादकाला याची लाज वाटली असती. साहेब तिला आपली शैली म्हणायचे.

याचा त्रास एकाच माणसाला व्हायचा. मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमात कुमुदवहिनी दर वर्षी एक भावगीत गायच्या आणि साहेब त्यांना सॅक्सोफोनची साथ करायचे. निदान कार्यक्रमपत्रिकेवर तसं छापलेलं असायचं. वहिनींचा आवाज जाड, भरदार, वयाने आणखी खाली उतरलेला. काळी पाच ही त्यांच्या गळ्याची पट्टीच नव्हती. मुखडा कसाबसा निभायचा. अंतऱ्यात सूर वर चढला की आवाज फाटायचा, आणि पहिल्या रांगेतली माणसं आपापल्या चपलांकडे बघत बसायची. मग साहेब माईक घेऊन हसत म्हणायचे, "घरच्यांचा हट्ट, दुसरं काय!" लोकही हसायचे. मला त्या हसण्याची चीड यायची.

त्या दिवशी माझ्या खोलीत तालीम झाली आणि आवाज नेहमीच्याच जागी फाटला.

"झालं," साहेब म्हणाले. "अगं, एकदा तरी नीट लावशील का? लोंढे, हिचं यंदा शेवटचं. मी सांगून टाकलंय. यंदा नीट झालं तर ठीक, नाहीतर पुढच्या वर्षीपासून भिड्यांची सून गाईल. तिचा काळी पाचला काय खणखणीत आवाज लागतो!"

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मग त्या जमिनीकडे बघत म्हणाल्या, "मी नाही गायले म्हणून कुणाचं काय अडणार आहे? पण वर्षभरात एवढं एकच असतं माझं."

हे त्या अगदी साधेपणाने म्हणाल्या.

"साहेब," मी म्हटलं, "आवाजात काही दोष नाही. पट्टी चढी आहे. ट्रॅक खाली घेऊ. पांढरी चार. वहिनी आरामात गातील."

"आणि माझं काय?"

"तुमच्या कागदावर जीच्या जागी डी येईल. जीपेक्षा एकच सूर बदलतो. एका बोटाचा प्रश्न आहे."

"एका बोटाचा नाही, तत्त्वाचा प्रश्न आहे," साहेब म्हणाले. "गाणाऱ्याने वाद्याला धरून गायचं, की वाद्याने गाणाऱ्याला धरून वाजायचं?"

"वाद्याने गाणाऱ्याला धरून. सगळीकडे तसंच असतं."

"ते तुमच्या पेटी-तबल्याचं. हा सॅक्सोफोन आहे."

माणूस अडाणी असला तर शिकवता येतो. अडाणीपणालाच तत्त्व म्हणणाऱ्यापुढे मी तरी हात टेकतो. साहेबांनी भोंगा खोक्यात घातला, खोकं बायकोच्या हातात दिलं आणि स्वतः पुढे चालू लागले.

आठवडाभराने वहिनी एकट्याच आल्या. येताना चकल्या घेऊन आल्या होत्या, म्हणजे काहीतरी काम होतं.

"सायमनभाऊ, एक विचारू का? पण हसायचं नाही."

"विचारा की."

"काल मंडळात दातांचे डॉक्टर त्यांचा तो मोठा सॅक्सोफोन घेऊन आले होते. ह्यांनी सहज हातात घेतला आणि आमचंच गाणं वाजवलं. मी चहा ओतत होते. ओतता ओतता गुणगुणायला लागले. आणि भाऊ, अंतरा गेला की हो!"

"गेला म्हणजे?"

"म्हणजे वर गेले आणि खाली आले, कळलंसुद्धा नाही. नेहमी तिथे आलं की समोर जिना दिसतो मला. काल दिसलाच नाही." त्यांनी आपला गळा चाचपला. "बोटं तीच होती, मी बघत होते. समोर कागदही आमचाच होता. मग गळा कसा काय सुटला?"

मी हातातली चकली खाली ठेवली. मंडळातल्या एकालाही आजवर हा प्रश्न पडला नव्हता.

"वहिनी, तो टेनर. त्याच बोटांनी ऑल्टोपेक्षा त्याचा सूर बराच खाली निघतो. साहेब त्याच्यावर जी धरतात तेव्हा तो पांढरी चार बोलतो."

"म्हणजे तुम्ही त्या दिवशी म्हणालात ती पट्टी?"

"तीच."

मग त्या एकेक करून विचारू लागल्या, बाजारात भाव करावा तशा.

"तो वाजवायला ह्यांना नवीन काही शिकावं लागेल?"

"नाही. फुंकर थोडी मोठी लागेल. ती साहेबांकडे भरपूर आहे."

"कागद?"

"तोच. त्यावरचं एक अक्षरही बदलायचं नाही. मी फक्त ट्रॅक पांढरी चारचा करायचा."

"मग हे सगळं ह्यांना सांगायची काय गरज आहे?"

मला मात्र सांगायची फार गरज वाटत होती. मला साहेबांना समोर बसवून, कागदावर आकृती काढून पटवून द्यायचं होतं की इतकी वर्षं तुम्ही तुमच्या एका बोटाच्या आळसापायी या बाईचा गळा दाबत होतात. मी तसं म्हणालोसुद्धा.

वहिनींनी मान हलवली. "तुम्हाला बरं वाटेल, पण मला गायला मिळणार नाही. भाऊ, माझ्यासाठी घ्यायचा म्हटलं तर हे टेनर घेणार नाहीत. स्वतःसाठी घेतील."

"ते कसं?"

"डॉक्टरांचा मोठा आणि अध्यक्षांचा छोटा, हे काही बरं दिसत नाही. एवढंच म्हणेन मी."

त्यांनी एवढंच म्हटलं असणार. कारण पुढच्या पंधरवड्यात बोडससाहेब गळ्यात नवा पट्टा आणि पट्ट्याला चकाकता टेनर लटकवून माझ्या दारात उभे होते.

"लोंढे, ऑल्टो हे पोराटोरांचं वाद्य," ते म्हणाले. "पुरुषाने टेनर वाजवावा."

"अगदी बरोबर."

"कागद नवीन लागेल?"

"तोच चालेल, साहेब."

"आणि बोटं?"

"तीच."

"बघा! उगाच डी-बिडी सांगून घाबरवत होतात."

मी पडदा त्यांना दिसणार नाही असा वळवून ठेवला होता. पांढरी चारचा ट्रॅक लावला. साहेबांनी फुंकर घातली आणि त्यांची तीच बोटं त्याच कागदावरून, आयुष्यात पहिल्यांदा, बायकोच्या पट्टीत चालू लागली. त्यांना याचा पत्ताही नव्हता. वहिनींनी अंतरा घेतला. मी इतकी वर्षं तो आवाज ऐकत होतो, आणि तो असा आहे हे मला माहीतच नव्हतं. जुन्या पितळी घंगाळासारखा घुमत होता. जिथे फाटायचा तिथे आता तो अलगद थांबला, जरा रेंगाळला आणि सावकाश खाली आला.

"झाली बुवा एकदा सुधारणा," साहेब म्हणाले. "मी मागे लागलो म्हणून."

मी कीबोर्डाखाली हाताच्या मुठी वळल्या. वहिनी मात्र खुशीत होत्या. घरी जाताना टेनरचं खोकं त्यांनीच उचललं. ते आधीच्यापेक्षा बरंच जड होतं.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी नाट्यगृह भरलं होतं. मंडळाच्या कार्यक्रमाला नातेवाईक येतात, आणि निवृत्त माणसांना नातेवाईक पुष्कळ असतात. मी विंगेत टेबलावर लॅपटॉप घेऊन बसलो होतो. एकामागून एक सभ्य गृहस्थ रंगमंचावर येत होते आणि चांगल्या गाण्यांचं वाटोळं करून टाळ्या घेऊन जात होते. आमच्या मिरजेच्या सतारमेकरांपैकी एक म्हातारबुवा पाहुणे म्हणून पहिल्या रांगेत बसवले होते. त्यांची मला फार दया येत होती.

बोडससाहेबांनी दोन्ही सॅक्सोफोन आणले होते. टेनर गळ्यात, ऑल्टो बाजूला स्टँडवर, शोभेला. त्यांनी माईकवर टेनरचं महत्त्व सांगितलं, मग माझ्याकडे बघून बोट वर केलं. मी ट्रॅक सोडला.

गाण्याचं नाव सांगत नाही. त्या संध्याकाळी ते गाणं फक्त कुमुदवहिनींचं होतं. त्यांनी मुखडा म्हटला तेव्हाच सभागृहातली कुजबूज थांबली. अंतरा जवळ आला तशी पहिली रांग सवयीने चपलांकडे बघायला लागली. वहिनी वर गेल्या, आणि एकेक मान वर आली. भिड्यांची सून दोन्ही हात गालांवर ठेवून ऐकत होती. सतारमेकर म्हातारबुवांनी डोळे मिटले होते.

गाणं संपलं आणि "वन्स मोअर" सुरू झालं. मंडळाच्या इतिहासात तो शब्द पहिल्यांदा उच्चारला गेला असावा. वहिनींचा चेहरा लहान मुलीसारखा झाला होता. त्यांनी लोकांना नमस्कार केला. तेवढ्यात साहेबांनी माईक ओढला.

"धन्यवाद, धन्यवाद! ही टेनरची कमाल. आता रसिकांच्या आग्रहाखातर हेच गाणं ऑल्टोवर वाजवतो. म्हणजे तुम्हाला तुलना करता येईल."

त्यांनी टेनर उतरवला आणि ऑल्टो गळ्यात अडकवला. समोर कागद तोच होता. बोटं तीच राहणार होती. त्यामुळे काही बदललंय असं त्यांच्या मनातही आलं नाही.

ऑल्टोवर तीच बोटं पडली की काळी पाच वाजणार, आणि ट्रॅक होता पांढरी चारचा. दोन्ही एकत्र वाजले तर एकाच चौकात दोन वरातींचे बँड समोरासमोर आल्यासारखं होणार. जुना काळी पाचचा ट्रॅक लॅपटॉपवर होताच. तो लावला की साहेबांचं जुळत होतं, माझी अब्रू राहत होती, आणि वहिनींचा गळा त्याच जागी, सगळ्या गावासमोर फाटणार होता. मग त्यांचं कायमचं संपलं. पांढरी चारचा लावला तर खापर माझ्यावर फुटणार. सुरात काय बिघडलं हे लोकांना कळत नाही. ट्रॅकवाल्याचं नाव मात्र सगळ्यांना माहीत असतं. पहिल्या रांगेतले ते म्हातारबुवा तर माझ्या वडिलांना ओळखत होते.

साहेबांनी अधीर होऊन बोट वर केलं. "लोंढे! ट्रॅक!"

मी वहिनींकडे पाहिलं. साहेबांनी ऑल्टो हातात घेतला त्याच क्षणी त्यांनी सगळं ओळखलं होतं. त्यांनी पदर सारखा केल्यासारखं करून हाताचा तळवा हळूच खाली दाबला. खालचा ट्रॅक.

मी पांढरी चारचा ट्रॅक सोडला.

साहेबांनी जोरात मुखडा सुरू केला. जे काही झालं ते सांगायला माझ्याकडे शब्द नाहीत, आणि असते तरी चर्चमध्ये वाढलेल्या माणसाने ते लिहू नयेत. कुणीतरी मागच्या रांगेत "अरे बापरे" म्हणालं. साहेब मध्येच थांबले. माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं, तोंडाशी येणारी रीड उलटीसुलटी करून पाहिली, जिभेने ओली केली, पुन्हा फुंकले. पुन्हा तेच. ट्रॅक पुढे चालला होता आणि वहिनींची जागा जवळ येत होती.

तेव्हा साहेबांनी नवरेपणाचं कर्तव्य केलं. वहिनींकडे वळले आणि त्यांना सा दिला. काळी पाचचा, खणखणीत, लांबलचक. इतकी वर्षं देत आले होते तसाच. डोळ्यांनी दटावत होते, घे.

मला वाटलं, आता त्या घेणार. सवय कुठे जाते? इतक्या वर्षांत नवऱ्याने दिला तोच सूर त्यांनी घेतला होता, गळ्याचं काहीही होवो. माझा हात आपोआप आवाज बंद करायच्या बटणाकडे गेला.

वहिनींनी तो सा ऐकला. तो संपेपर्यंत थांबल्या. मग साहेबांवरची नजर काढून घेतली, समोरच्या अंधाराकडे बघितलं आणि स्वतःच्या पट्टीत गाणं उचललं. पांढरी चार. एक कणभरही इकडेतिकडे नाही.

मी ट्रॅकचा आवाज कमी केला. त्यांना त्याची गरज नव्हती. अंतऱ्यात त्या वर गेल्या तेव्हा मी चक्क रडत होतो, आणि ते मला कबूल करायला लाज वाटत नाही. मागे बोडससाहेब प्रेक्षकांकडे पाठ करून रुमालाने रीड पुसत उभे होते. गाणं संपेपर्यंत ते पुसतच होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहाही घेतला नव्हता तोच दोघं दारात.

"तुमच्या ट्रॅकमध्ये चूक होती," बोडससाहेब म्हणाले. "आता नाही म्हणू नका. अख्ख्या गावाने ऐकली."

वहिनी कोचावर बसल्या. त्यांचा चेहरा अगदी शांत होता.

"रात्रभर विचार केला मी," साहेब म्हणाले. "अभियंत्याचं डोकं आहे हे. पहिल्यांदा बरोबर वाजलं. दुसऱ्यांदा चुकलं. कागद तोच. बोटं तीच. मग बदललं काय? तुमचा ट्रॅक! तुम्ही दुसऱ्यांदा भलताच ट्रॅक लावलात."

'वाद्य बदललं होतं, साहेब.' हे वाक्य माझ्या जिभेवर होतं. फक्त वाक्य नव्हे, मी कोरा कागद आणि पेन्सिल काढून ठेवली होती. एका बाजूला ऑल्टो, एका बाजूला टेनर, मध्ये वहिनींचा गळा, असं सगळं काढून त्यांना दाखवायचं, आणि मग शेवटी विचारायचं की हे समजायला किती वर्षं लागतात. इतक्या दिवसांचा संताप साठला होता. मी पेन्सिल उचलली.

"चूक भाऊंचीच," वहिनी म्हणाल्या.

मी त्यांच्याकडे बघत राहिलो.

"मी कुठल्या पट्टीत गाणार ते भाऊंनी मला आधी विचारायला नको का?" त्या साहेबांकडे वळून म्हणाल्या. "विचारलंच नाही. आपल्याच मनाने ट्रॅक लावतात. मग असा गोंधळ होणार नाही तर काय? नाही का हो, भाऊ?"

शेवटचं वाक्य त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, आणि त्यांनी नजर हटवली नाही. मला समजायला जरा वेळ लागला. मग मी पेन्सिल खाली ठेवली. मी उभ्या आयुष्यात धंद्यात कुणाची माफी मागितली नव्हती. चर्चच्या फादरांचीसुद्धा नाही.

"चुकलं, साहेब," मी म्हटलं. "ट्रॅक माझाच चुकला. वहिनींना आधी विचारायला हवं होतं."

बोडससाहेबांच्या चेहऱ्यावर इतका निर्मळ आनंद मी कधी पाहिला नव्हता. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, आणि खात्यात ज्या आवाजात ते आदेश देत असतील त्या आवाजात म्हणाले, "आता कसं बोललात! मी पहिल्या दिवसापासून सांगतोय. तुमच्यावर सोडायची सोय नाही. तेव्हा यापुढे नियम ठरला. कुठलंही गाणं असो, पट्टी आधी हिला विचारायची. ही सांगेल त्याच पट्टीत ट्रॅक. त्यात तुमचा शहाणपणा नको. समजलं?"

"समजलं."

"आणि अहो, तो ऑल्टो आता भाच्याला देऊन टाका," वहिनी म्हणाल्या. "अध्यक्षांना शोभत नाही."

"ते तर आहेच," साहेब म्हणाले. "लोंढे, लिहून घ्या. पुढच्या वर्षीचं गाणं. अगं, सांग त्यांना, कुठली पट्टी?"

वहिनींनी ज्येष्ठमधाची डबी उघडली होती. ती त्यांनी तशीच बंद करून पिशवीत टाकली.

"पांढरी चार," त्या म्हणाल्या.

"ऐकलंत ना? पांढरी चार. परत चूक नको." साहेब टेनरचं खोकं उचलायला वाकले. का कोण जाणे, त्या दिवशी ते त्यांनी स्वतःच उचललं. दारात थबकून त्यांनी मागे पाहिलं. त्यांना एक शंका आली होती. "आणि माझ्या कागदावर काय येणार?"

"जी, साहेब," मी म्हटलं. "तुमच्या कागदावर जीच."

"हं," बोडससाहेब म्हणाले. "तो मात्र कुणाला विचारून बदलायचा नाही."